पालथा हंडा आणि काचेचा कोयता

पत्रक लिहायला कुणाकडं शिकलीस, असं विचारलं की मी खरं तेच सांगते, आणि आमच्या संघटनेतल्या जुन्या कार्यकर्त्यांचे चेहरे उतरतात. त्यांची अपेक्षा असते की मी त्यांच्यापैकी कुणाचं तरी नाव घेईन. मी म्हणते, युरोपातल्या मध्ययुगातल्या ख्रिस्ती साधूंकडं. मठात बसून लॅटिनमध्ये लिहिणारे, सुंदर कशाला म्हणायचं यावर भांडणारे साधू. त्यांतला एकही कधी आष्टीच्या बाजारात आला नव्हता. पण दुष्काळात, विहिरीच्या काठावर, पाणीवाटप संस्थेच्या भांडणात मला उपयोगी पडले ते तेच. याला माझा इलाज नाही.

आधी धंदा सांगते. पत्रक म्हणजे एकपानी कागद. शक्यतो गुलाबी, नाहीतर पिवळा; पांढरा कागद सरकारी वाटतो आणि लोक तो न वाचता घडी घालून जपून ठेवतात. बीडला स्टँडमागच्या एका प्रेसमध्ये मी ते छापून घेते आणि आठवडी बाजारात वाटते. माणूस ते चालता चालता घेतो, दुसऱ्या हातात पिशवी असते, आणि भज्याच्या गाड्यापर्यंत पोचेस्तोवर जेवढं वाचून होईल तेवढंच आपलं. तिथून पुढं त्याच कागदावर भजी. माझी सगळ्यात जळजळीत वाक्यं मी तेलानं पारदर्शक झालेली पाहिली आहेत.

गिऱ्हाइकंही एकेक. एक पैलवान आले, सख्ख्या भावाविरुद्ध पत्रक पाहिजे म्हणाले. “नाव घालायचं न्हाई, पण सगळ्या गावाला कळलं पाहिजे.” दूध संस्थेच्या निवडणुकीतल्या एका उमेदवाराला एवढा मोठा फोटो हवा होता की मजकुराला जागाच उरेना. मी म्हटलं, मग लिहू काय? ते म्हणाले, “लिहायचं कशाला? लोक वळखत्यात मला.” मग पत्रक कशाला? “फोटोसाठी!” असल्या कामांना मी सरळ नाही म्हणते. माझी पत्रकं ऊसतोड बायांची असतात. मी स्वतः उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत वाढले आहे, आणि सहा महिने घराला कुलूप लावून जाणाऱ्या माणसांना गाव कसं विसरतं, हे मला कुणी सांगायला नको.

आता गोष्ट. गाव आष्टी तालुक्यातलं. नाव देत नाही, कारण तिथले चेअरमन अजून चेअरमन आहेत आणि नाव छापून आलेलं त्यांना फार आवडेल.

दुष्काळात त्या गावात टँकर येतो आणि आटलेल्या विहिरीतच पाणी ओततो. बाया ते शेंदून काढतात. टँकर एक, घरं पुष्कळ, रोजची मारामारी. म्हणून गावानं पाणीवाटपाची सहकारी संस्था केली. नियम साधा. विहिरीपासून भांड्यांची रांग. बाईला शेरडं असतात, रोजगार असतो, ती दिवसभर उभी राहू शकत नाही. म्हणून तिचं भांडं उभं राहतं. रांगेत तुमचं भांडं असलं तर तुमची पाळी येणारच. आज जिथं पाणी संपलं तिथून उद्या सुरू. दुसऱ्याच्या भांड्याला पाय लावायचा नाही, की ते सरकवायचं नाही. पोरंसुद्धा पाळतात हे.

आणि या रांगेत एक रीत होती, जी मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिली नाही. दिवाळीनंतर जी घरं ऊस तोडायला कारखान्याला जातात, ती आपला एक जुना हंडा आपल्या जागेवर पालथा घालून जातात. सरळ हंडा म्हणजे पाणी द्या. पालथा हंडा म्हणजे आम्ही बाहेर आहोत, पाणी नको, पण जागा आमची आहे, आम्ही येणार आहोत. रांग पालथ्या हंड्याला ओलांडून पुढं जाते. उन्हाळ्यात माणसं परत आली की पहिलं काम कुलूप उघडायचं नाही. विहिरीवर जाऊन हंडा सरळ करायचा.

त्या वर्षी पाऊस असा गेला की संक्रांतीलाच टँकरच्या खेपा कमी झाल्या. चेअरमन सोपानराव यांनी मग एक दिवस सगळे पालथे हंडे रांगेतून उचलले आणि संस्थेच्या गोदामामागं टाकून दिले. त्यांचा हिशोब सरळ होता. ही घरं चैत्र-वैशाखात परत येणार, नेमकी टंचाईत, आणि असलेलं पाणी वाटून घेणार. मग नियम निघाला: बारा महिने हजर असेल तोच सभासद. बाकीच्यांनी पावसाळ्यानंतर नव्यानं अर्ज करावा. म्हणजे तो अख्खा उन्हाळा त्यांनी काय प्यावं, हे नियमात नव्हतं.

उचललेल्या हंड्यांतला एक कौसाबाईंचा; त्या तेव्हा कोल्हापूरकडं फडात होत्या. त्यांची लेक रुक्मिण आणि जावईही त्याच टोळीत. रुक्मिणला दिवस गेलेले, बाळंतपण वैशाखात, आईच्या घरी करायचं ठरलेलं. कौसाबाईंनी फोन केला.

“संगे, माझा हंडा हाय का जागेवर?”

मी सांगितलं.

पलीकडं पाण्याची खळखळ ऐकू येत होती. मग त्या म्हणाल्या, “हितं पाटाचं पाणी वाहायलंय बघ. चिखलात उभी हाय मी.” आणि पुढं, “बाळंतिणीच्या घराला पाणी न्हाई म्हणल्यावर रुक्मिणची सासू तिला पाठवंल का गं? ती म्हणंल, फडातच होऊ द्या.”

फडात म्हणजे कोपीत, पाचटावर. मी स्वतः तशीच जन्मले आहे. माझी आई त्याबद्दल बोलत नाही.

मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. असं पत्रक की हात भाजावा. त्यात साखर कारखानदारी होती, दिल्लीचं धोरण होतं, सोपानरावांचे मेहुणे होते, जमीन होती, जात होती, चारही बाजूंना उद्गारचिन्हं होती. बाजारात हातोहात गेलं. दुसऱ्या दिवशी गावात गेले तर सोपानराव पारावर बसून तेच पत्रक मोठ्यानं वाचून दाखवत होते. “‘सरंजामी मगरूर’! च्यामारी, आमच्या बापालाबी कुणी एवढं म्हणलं न्हवतं!” लोक हसत होते. मेहुण्यांवर चर्चा रंगली होती. हंडे गोदामामागं तसेच पडून होते. विहिरीवर शेवंताबाई म्हणाल्या, “वाचलं बाई तुझं. समदं हाय त्यात. हंड्याचं कुठंय?” या शेवंताबाई संस्थेच्या सभासद, शरीरानं किरकोळ, तोंडानं दणकट.

रांगेत शेवंताबाईंच्या मागं प्लॅस्टिकची पिवळी बादली घेऊन फादर उभे होते.

गावाच्या कडेला मिशनचं एक छोटं चर्च आहे, त्याच्या आवाराची भिंत बरोबर विहिरीसमोर येते. फादर मूळचे वसईकडचे. जन्मभर पाद्री होऊ घातलेल्या पोरांना मध्ययुगातलं तत्त्वज्ञान शिकवलं, आणि म्हातारपणी काम कमी म्हणून त्यांना इकडं धाडलं. गुडघे गेलेले. तरी पाण्याला स्वतः यायचे. कुणी पुढं जा म्हटलं तर म्हणायचे, “बादली रांगेत आहे ना, मग झालं.”

त्यांनी मला आवारात बोलावलं. पत्रक चष्म्याजवळ धरून दोनदा वाचलं.

“राग खरा आहे,” ते म्हणाले.

“मग?”

“मग काही नाही. तेराव्या शतकात एक साधू होऊन गेला. अंगानं जाड, बोलायला कमी. त्याचं म्हणणं, कला म्हणजे करायची वस्तू नीट करण्याची अक्कल. सुतार सज्जन आहे की संतापलेला आहे, हे खाट बघताना विचारायचं नाही. खाट हलते का, एवढंच विचारायचं.”

“फादर, मला खाट करायची नाही.”

“तो असंही म्हणायचा, की काचेची करवत लोखंडाच्या करवतीपेक्षा देखणी होईल. पण शहाणा कारागीर ती करत नाही. करवतीनं कापायचं असतं.”

मी पत्रकाकडं पाहिलं. “म्हणजे हा काचेचा कोयता आहे, असं म्हणायचंय तुम्हाला.”

“कोयता म्हण. तुमच्याकडं तोच चालतो.”

मला राग आला, आणि राग आला की मी बोलून मोकळी होते. म्हटलं, तुमचं मध्ययुग मला नका शिकवू. राजे, मठांच्या जमिनी, सोन्यानं मढवलेली चर्चं, आणि दारात भिकारी. फादर खूश झाले. त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी उलट बोललं नसावं. त्यांनी सांगितलं, बाराव्या शतकात फ्रान्समध्ये यावरच दोन मठाधिपतींची मतं एकदम उलटी होती. एकानं चर्चला रंगीत काचा, रत्नं, सोनं लावलं; म्हणायचा, या उजेडावरून मन त्या खऱ्या उजेडाकडं चढतं. दुसरा म्हणायचा, भिंती झळकतात आणि गरीब उघडे पडलेत, लाज वाटत नाही का?

“दुसरा आपला माणूस,” मी म्हटलं.

“वाटलंच मला. पण गंमत ऐक. मठांच्या खांबांवर कोरलेल्या चित्रविचित्र प्राण्यांना त्यानं शिव्या दिल्या, तर एकेक प्राणी असा डोळ्यांपुढं उभा केला की वाचणाऱ्याला ते खांब बघायला जावंसं वाटतं. शिवीसुद्धा घडवावी लागते, बाई. सुंदर वस्तूला तीन गोष्टी लागतात, असं त्या जाड्या साधूचं मत. ती पुरी पाहिजे. तुझ्या पत्रकात दिल्ली आहे, कौसाबाईचा हंडा नाही. तिच्यात प्रमाण पाहिजे. मेहुण्याला तू अर्धं पान दिलंस. आणि तिला तेज पाहिजे.”

“तेज तर आहे!”

“ते तेज नाही. तो जाळ आहे.”

मी उठून निघाले होते. पण जाता जाता सोपानरावांचं बोलणं सांगितलं. मी हंड्यांचा विषय काढला तेव्हा ते पारावरून म्हणाले होते, “हंडा म्हंजे काय माणूस हाय का? रिकामं भांडं ते. भांड्याला कसली आलीय पाळी?”

फादर एकदम सरळ बसले. म्हणाले, याच प्रश्नावर ख्रिस्ती लोक एकमेकांच्या उरावर बसले होते, पिढ्यान्‌पिढ्या. लाकडाच्या पाटीवर काढलेला संत म्हणजे संत आहे का? नसेल तर त्याला हात कशाला जोडायचे? चित्रं फोडली, जाळली, माणसं देशोधडीला लावली. शेवटी उत्तर असं निघालं की चित्र म्हणजे तो माणूस नाही, नुसतं लाकूड आहे, कबूल. पण चित्राला दिलेला मान लाकडात मुरत नाही. ज्याचं चित्र, त्याला जाऊन पोचतो.

“आणि अपमान?”

“तोही त्याच वाटेनं जातो.”

“म्हणजे सोपानरावांनी हंडा नाही फेकला,” मी म्हटलं. “कौसाबाईला उचलून गोदामामागं टाकलं.”

“हे एवढ्या मोठ्या पत्रकात तू लिहिलं नाहीस,” फादर म्हणाले.

विहिरीसमोरची भिंत चित्र काढायला त्यांनीच देऊ केली. म्हणाले, जुन्या काळी एका पोपनं लिहून ठेवलंय, ज्यांना वाचता येत नाही त्यांचं वाचन म्हणजे भिंतीवरची चित्रं. मी पुन्हा भडकले. आमच्या बाया अडाणी नाहीत, त्यांना वाचता येतं. वाचायला वेळ नाही, एवढंच. तुमच्या पोपना सांगा. फादर म्हणाले, “ते वारले. पण दुरुस्ती बरोबर आहे.”

भिंती रंगवणं हे माझं जोडकाम. घोषणा लिहायला हात बसलेला होता, चित्राला नव्हता. चुना दिला, त्यावर रांग काढली. ती आधी सुंदर काढली. सगळे हंडे एकसारखे, पितळी, वर चमक. बाया बघून गेल्या. शेवंताबाई म्हणाल्या, “कुणाच्या लग्नातला रुखवत हाय गं हा?” दुसरी म्हणाली, “आमच्याकडं पितळ कुठलं? यातला माझा कोणता?” कुणालाच आपलं भांडं सापडेना. फादर बादली घेऊन उभे होते. एवढंच म्हणाले, “तेज म्हणजे चकाकी नव्हे. वस्तू जी आहे ती तिच्यातून दिसणं.”

सगळं पुसलं. मग गोदामामागं जाऊन त्या ढिगाऱ्यात बसले आणि एकेक हंडा हातात घेऊन बघितला. मी इतकी वर्षं भांड्यांवर लिहीत आले, भांडी कधी बघितली नव्हती. कौसाबाईंचा हंडा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, ट्रॅक्टरवरून पडून एका कुशीला खोल पोचा, काठाला डाख लावलेला. एका हंड्याच्या गळ्याला लाल चिंधी. एकाच्या बुडाला चुलीचं काळं, जे कधीच निघणार नाही. सोपानराव येऊन उभे राहिले.

“काय संगीताबाई, भांड्याचं दुकान टाकायलाव का?”

“होय. चेअरमन, तुमच्या घरची घागर बघायची होती जरा.”

“ती कशाला?”

“रांग पुरी पाहिजे.”

ते हसत गेले. घागर मला विहिरीवरच बघायला मिळाली. त्यांच्या मंडळी, गोदाकाकू, रांगेत होत्या. तांब्याची घागर, घरंदाज, पण तोंडाजवळ चेपलेली आणि गळती थांबवायला बुडाला डांबर थापलेलं. मी ती आहे तशी काढली, तिच्या खऱ्या जागी: कौसाबाईंच्या पालथ्या हंड्याच्या मागं. फादरची पिवळी बादलीही काढली. जे पालथे होते ते पालथे काढले. खाली अक्षर एक लिहिलं नाही. माझ्यासारखीला हे किती जड गेलं, ते मलाच ठाऊक.

दुसऱ्या सकाळी बाया भांडी ठेवायला आल्या आणि भिंतीपुढं गर्दी झाली. “अगं, हा बघ कौसाचा! पोचा बघ!” “ही चिंधी तर मीच बांधून दिलती तिला.” शेवंताबाई आपला हंडा ठेवायला वाकल्या, त्यांनी भिंतीकडं बघितलं, आणि हंडा थोडा मागं ठेवला. पुढं एका हंड्याची जागा मोकळी सोडली. त्यांच्या मागचीनंही तसंच केलं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

सोपानराव मात्र तावातावानं आले आणि त्यांनी संस्थेची सभाच बोलावली, विहिरीजवळच्या लिंबाखाली. मला वाटलं, मोकळ्या सोडलेल्या जागांवर बोलतील. ते बोलले वेगळंच.

“ही आमची घागर कावून अशी काढली? डांबरासगट? पावनेरावळे येत्यात, पुढारी येत्यात, त्यांनी चेअरमनच्या घराचं हे बघायचं? आन कौसाच्या मागं! ही माझी बेइज्जती हाय. माझ्या घराण्याची बेइज्जती हाय!”

मग शेवंताबाईंनी पदर सारखा केला.

“कावून तापायलाव चेअरमन? रिकामं भांडं ते. भांडं म्हंजे काय माणूस हाय का?”

आधी कुणीतरी नाकातून हसलं. मग गोदाकाकूंनी तोंडाला पदर लावला, आणि त्यांचे खांदे हलताना दिसल्यावर सगळी सभाच हसत सुटली. सोपानराव तांबडे झाले. मी सरंजामी मगरूर म्हटलेलं त्यांना चाललं होतं. त्याला उत्तर होतं. याला नव्हतं, कारण वाक्य त्यांचंच होतं. शेवटी गोदाकाकूच उठल्या. “चला गं,” म्हणाल्या, आणि बायांना घेऊन गोदामामागं गेल्या. हंडे आले, जागेवर पालथे पडले. नवा नियम कुणी रद्द केला नाही. तो नुसता कुणी पाळला नाही. सहकारात बरंचसं असंच चालतं.

मी कौसाबाईंना फोन लावला. “हाय का जागेवर?”

“हाय,” मी म्हटलं. “दोन हायत आता तुमचे.”

वैशाखात पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, आणि टोळ्या परतल्या. कौसाबाई ट्रॅक्टरवरून उतरल्या त्या रुक्मिणला शेवंताबाईंच्या ओसरीवर बसवून तडक विहिरीवर. हंडा सरळ केला. मग भिंतीपुढं उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून, आणि मला हाक मारली.

“संगे, हितं का पालथा हाय अजून?”

“मावशी, ते चित्र आहे.”

“दिसतंय मला. मी आलेय न्हवं? सरळ कर.”

मी फादरकडं बघितलं. फादर म्हणाले, “माझ्याकडं काय बघतेस? रंग आण.”

मी तो हंडा पुसून सरळ काढला, पोच्यासकट. कौसाबाई तोवर हलल्या नाहीत. मग बाकीच्या घरांनीही लकडा लावला. आठवडाभर मी भिंतीवर हंडे सरळ करत होते. त्याच महिन्यात रुक्मिणला मुलगी झाली, घरात, दाराआड, आणि पहिली आंघोळ पाळीच्या पाण्यानं झाली. गोदाकाकूंनी आपल्या पाळीची एक घागर वर पाठवली. डांबर लावलेलीच.

विजय झाला म्हणून नाचावं, असं यात काही नाही. टँकर अजून येतो. हंडे पालथे घालून माणसांना जावंच का लागतं, हा प्रश्न भिंतीनं विचारला नाही; तो मी पत्रकांतून विचारते आणि विचारत राहणार. सोपानराव आता साहेबलोकांना भिंत दाखवायला नेतात आणि कल्पना संस्थेचीच होती म्हणून सांगतात. घागरीचं डांबर मात्र मला पुसू देत नाहीत, म्हणतात, “ऱ्हाऊ द्या, वळखीला.”

दर दिवाळीनंतर जाणारी घरं मला बोलावतात, पालथा काढ म्हणून. आणि उन्हाळ्यात परत, सरळ कर म्हणून. रंगाचे थर एवढे चढलेत की हंडे भिंतीतून पुढं आल्यासारखे दिसतात.

फादरचे गुडघे अगदीच गेले तेव्हा त्यांना वसईला, म्हाताऱ्या पाद्र्यांच्या आश्रमात नेलं. गाडीत बसताना म्हणाले, “माझी बादली पालथी काढ हं. पुसू नकोस.” मी काढली. ते आता परत येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, सोपानरावांनासुद्धा. तरी त्या विहिरीवर तुम्ही कधी गेलात, आणि रांग लांबपर्यंत गेलेली असली, आणि शेवंताबाईंच्या हंड्यामागं तुम्हाला एका बादलीएवढी जागा मोकळी दिसली, तर तिथं आपलं भांडं ठेवायला जाऊ नका. बाया उचलून मागं ठेवतील.